गरोदर मातांच्या आरोग्यशिक्षणावर संशोधन कसे करावे : लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण घेऊन

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांमध्ये एक साचा वर्षानुवर्षे चालत आला आहे. निवडक गावांतील गरोदर मातांची आधी लेखी किंवा तोंडी चाचणी घ्यायची, मग तक्ते दाखवून पाऊण तासाचे आरोग्यशिक्षण द्यायचे, सात दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि सरासरी गुण वाढले म्हणून शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला असे लिहायचे. आठवड्यापूर्वी सांगितलेले आठवड्यानंतर आठवते, एवढेच यातून कळते. त्या मातेने गोळी घेतली का, तिचे रक्त वाढले का, घरात तिच्या ताटात काही बदलले का, याबद्दल असा प्रबंध काहीच बोलत नाही. आणि उपकेंद्रावर काम करणाऱ्या सिस्टरला नेमके तेच हवे असते.

हा लेख एम.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि आपल्याच कार्यक्षेत्रात एखादा छोटा पण प्रामाणिक अभ्यास करू इच्छिणाऱ्या परिचारिका, एएनएम (उपकेंद्रातील सहायक परिचारिका-प्रसाविका) व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी आहे. सर्व पायऱ्या एकाच उदाहरणावर समजावून घेऊ: गरोदर मातांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल दिलेले शिक्षण. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, भारतातील १५ ते ४९ वयोगटातील गरोदर महिलांपैकी ५२.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. गोळ्या सरकारी यंत्रणेतून मोफत मिळत असतानाची ही स्थिती आहे.

पहिली पायरी : प्रश्न कृतीभोवती बांधा

‘गरोदर मातांचे रक्तक्षयाविषयीचे ज्ञान’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात पाच गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत: कोणत्या माता, कोणते शिक्षण, कशाशी तुलना, कोणती कृती मोजणार आणि किती काळात. आपल्या उदाहरणात प्रश्न असा होईल: चौदा ते अठरा आठवड्यांच्या गरोदर मातांना घरी जाऊन, घरातील निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसह दोनदा शिक्षण दिले, तर नेहमीच्या सेवेच्या तुलनेत पुढील बारा आठवड्यांत ठरवून दिलेल्या गोळ्यांपैकी किमान ८० टक्के गोळ्या घेणाऱ्या मातांचे प्रमाण वाढते का?

छोट्या अभ्यासासाठी मोजायची कृती अशी निवडावी की ती प्रत्येक मातेच्या बाबतीत, अभ्यासाच्या काळातच घडते किंवा घडत नाही. नवजात बाळातील धोक्याची लक्षणे ओळखून वेळेत दवाखान्यात नेणे ही फार महत्त्वाची कृती आहे; परंतु शंभर बाळांपैकी मोजक्यांनाच अशी वेळ येते, त्यामुळे शंभर मातांच्या अभ्यासातून त्याबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा अभ्यास केला, तेव्हा ३९ गावांत ही सेवा दिली गेली, ४७ गावे तुलनेसाठी होती आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट दिसली. मृत्युदर मोजायचा तर एवढा पसारा लागतो. शिवाय त्या सेवेत मातांच्या शिक्षणाबरोबर गावातील प्रशिक्षित आरोग्यदूताच्या घरभेटी आणि जंतुसंसर्गावरील उपचारही होते, म्हणून त्या आकड्याचे श्रेय एकट्या आरोग्यशिक्षणाला देणे चुकीचे ठरते. प्रबंधांच्या प्रस्तावनेत ही गल्लत अनेकदा वाचायला मिळते.

दुसरी पायरी : आधी साठा आणि सेवा तपासा

गोळ्याच नसतील तर शिक्षणाचा उपयोग नाही. म्हणून प्रस्ताव लिहिण्यापूर्वी उपकेंद्रातील मागील सहा महिन्यांचे साठा रजिस्टर पाहावे, गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या ते लिहून घ्यावे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्यक्ष किती गोळ्या दिल्याची नोंद आहे ते दहा-पंधरा कार्डांवर तपासावे. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर मातेला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस द्यायची असते. एका भेटीत मातेला तीस गोळ्या मिळतात आणि पुढची भेट पंचेचाळीस दिवसांनी होते असे आढळले, तर गोळ्या खंडित होण्याचे कारण तिच्या अज्ञानात नाही. अशा ठिकाणी आधी पुरवठ्याचा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे मांडावा. मातेला दोष देणारे संशोधन करण्यापेक्षा हे काम केव्हाही अधिक मोलाचे आहे.

तिसरी पायरी : शिकवण्यापूर्वी ऐका

या पायरीवर बहुतेक अभ्यास वेळ वाचवतात आणि पुढे सारे फसते. शिक्षणाचा मजकूर पाठ्यपुस्तकातून उचलला जातो: रक्तक्षयाची व्याख्या, कारणे, लक्षणे, लोहयुक्त आहाराची यादी. मातेची अडचण यातल्या कशातच नसते. गोळी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, पोट साफ होत नाही. गोळ्या उष्ण पडतात. गोळ्यांनी बाळ फार मोठे होते आणि मग सिझेरियन करावे लागते. बाळ काळे होते. ‘आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?’ असे सासूबाई म्हणतात. सकाळी शेतावर जाण्याच्या गडबडीत राहून जाते. ही कारणे गावोगावी ऐकायला मिळतात, परंतु तुमच्या गावात त्यांतली कोणती खरोखर अडवतात हे तुम्हालाच शोधावे लागेल.

त्यासाठी बारा ते पंधरा माता, चार-पाच सासवा, दोन-तीन पती आणि तेवढ्याच आशाताई यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. नवीन मुद्दा येणे थांबेपर्यंत मुलाखती चालू ठेवाव्यात. मातांमध्ये गोळ्या नियमित घेणाऱ्याही हव्यात, कारण अडचणी सगळ्यांनाच येत असताना काही जणींनी मार्ग कसा काढला हे त्यांच्याकडूनच कळते. कोणी रात्री जेवणानंतर घेते म्हणून मळमळत नाही, कोणाची पाकिटे देवघराच्या फळीवर असतात म्हणून दिवा लावताना आठवण होते. असे उपाय बाहेरच्या तज्ज्ञाला सुचत नाहीत.

बोलताना ‘गोळ्या घेता ना?’ असा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘गोळ्या मिळाल्या त्या दिवसापासून काय काय झाले ते सांगा’ असे म्हणावे आणि गप्प बसावे. मातेचे शब्द तिच्याच बोलीत लिहून घ्यावेत. ‘अंगात रक्त नाही’, ‘गरगरतं’, ‘जीव कासावीस होतो’ हे शब्द पुढे शिक्षणाच्या मजकुरात आणि प्रश्नावलीत जसेच्या तसे उपयोगी पडतात. गोंडी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या वस्तीत मराठीत मुलाखती घेऊन भागत नाही. ती भाषा बोलणारी व्यक्ती हवी, आणि ती शक्यतो त्या मातेच्या भावकीतली नसावी.

चौथी पायरी : तुलना कोणाशी, हे ठरवा

एकाच गटाची आधी व नंतर मोजणी करण्यात तीन धोके आहेत. एकदा विचारलेले प्रश्न दुसऱ्यांदा सोपे वाटतात, हा पहिला. ज्यांचे हिमोग्लोबिन पहिल्या मोजणीत फार कमी आले म्हणून निवडले, त्यांचे दुसऱ्या मोजणीत काही न करताही थोडे वर येते, हा दुसरा. तिसरा धोका गरोदरपणातील बदलांशी निगडित आहे: दुसऱ्या तिमाहीत रक्तातील द्रवाचे प्रमाण तांबड्या पेशींपेक्षा जास्त वेगाने वाढते, त्यामुळे निरोगी मातेचेही हिमोग्लोबिन काहीसे उतरते. याचा अर्थ असा की गोळ्या नियमित घेणाऱ्या मातेचा आकडा स्थिर राहिला तरी तो चांगला परिणाम असू शकतो, आणि तुलनेचा गट नसेल तर ते कधीच कळणार नाही.

तुलनेचा गट घेताना गावातल्या अर्ध्या मातांना शिक्षण आणि अर्ध्यांना नेहमीची सेवा अशी विभागणी करू नये. ग्राम आरोग्य पोषण दिनाला सगळ्या एकाच अंगणवाडीत बसतात, पाण्यावर भेटतात, एकमेकींच्या नात्यात असतात. सांगितलेले दुसऱ्या दिवशी गावभर झालेले असते, आणि समुदायात तसे व्हायलाही हवे. म्हणून विभागणी गावांची करावी. कोणत्या गावाला शिक्षण मिळेल हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावर यादृच्छिक क्रमांक काढून, अभ्यासाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने ठरवावे. रस्त्यालगतची गावे शिक्षणासाठी आणि आडवळणाची तुलनेसाठी घेतली, तर दिसलेला फरक शिक्षणाचा आहे की रस्त्याचा हे सांगता येणार नाही.

एका उपकेंद्रात शिक्षण आणि दुसऱ्यात नेहमीची सेवा, असा दोनच एककांचा आराखडा प्रबंधांत फार आवडता आहे. त्यात प्रत्येक बाजूला शंभर माता घेतल्या तरी तुलना शेवटी दोन सिस्टरांची आणि दोन जागांची होते. असा अभ्यास करायचाच असेल तर त्याला व्यवहार्यतेची पाहणी म्हणावे आणि परिणामकारकतेचा दावा करू नये.

पाचवी पायरी : संख्या काढा, आणि ती जमेल का ते पाहा

समजा, तुमच्या क्षेत्रात आज ४० टक्के माता ८० टक्के गोळ्या घेतात आणि शिक्षणाने हे प्रमाण ६० टक्क्यांवर जावे अशी अपेक्षा आहे. ५ टक्के सार्थकता पातळी (खरा फरक नसताना तो दिसण्याची जोखीम) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरल्यास नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात ९५ माता लागतात: ७.८४ ला ०.४८ ने गुणायचे आणि ०.०४ ने भागायचे. परंतु विभागणी गावांची आहे आणि एका गावातल्या माता एकमेकींसारख्या असतात, म्हणून ही संख्या वाढवावी लागते. प्रत्येक गावातून १० मातांची अंतिम मोजणी होणार आणि गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गावातल्या मातांच्या सारखेपणाचे माप, ०.०५ धरला, तर वाढीचा गुणक १ + (१० − १) × ०.०५, म्हणजे १.४५ येतो. ९५ च्या जागी १३८ माता झाल्या. त्यातल्या वीस टक्के मधेच सुटतील असे मानले तर नोंदणी १७३ जणींची करावी लागेल. एका गटाला चौदा गावे आणि प्रत्येक गावातून बारा-तेरा माता, असे हे गणित बसते.

आता दुसरे गणित करा. दीड हजार लोकवस्तीच्या गावात हजारी पंधरा जन्मदर धरला तर वर्षाला बावीस-तेवीस बाळंतपणे होतात. महिन्याला दोनपेक्षा कमी माता चौथ्या-पाचव्या महिन्यात प्रवेश करतात. बारा-तेरा मातांची नोंदणी व्हायला सहा ते सात महिने जाणार, त्यानंतर शेवटच्या मातेचे बारा आठवडे. दोन्ही गट मिळून अठ्ठावीस गावे म्हणजे साधारण दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांचे क्षेत्र. एका विद्यार्थिनीला हे एकटीने झेपणारे नाही, आणि हे प्रस्ताव लिहितानाच मान्य केलेले बरे.

माझे ठाम मत असे आहे की अशा वेळी संख्या कापून ‘प्रत्येक गटात तीस’ करण्यापेक्षा दोनपैकी एक मार्ग घ्यावा. एक तर तिसऱ्या पायरीवरचे ऐकण्याचे काम हाच पूर्ण प्रबंध करावा. तो गुणात्मक अभ्यास म्हणून स्वतंत्रपणे उभा राहतो आणि पुढच्या कामाचा पाया होतो. किंवा एकाच महाविद्यालयातील तीन-चार विद्यार्थिनींनी मार्गदर्शकांच्या नेतृत्वाखाली एकच मोठा अभ्यास वाटून घ्यावा: एकीने गोळ्यांचे सेवन, दुसरीने कुटुंबातील निर्णयप्रक्रिया, तिसरीने शिक्षण कितपत ठरल्याप्रमाणे दिले गेले याचा अभ्यास. विद्यापीठाच्या नियमांत हे बसते का हे विषय ठरवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सहावी पायरी : परवानग्या आणि संमती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासालाही लागू आहेत. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळण्यापूर्वी एकाही मातेची माहिती घेऊ नये. हा हस्तक्षेप असलेला अभ्यास आहे, म्हणून पहिली माता नोंदवण्याआधी भारतीय चिकित्सा परीक्षण नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, त्याची नोंदणी करावी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांची लेखी परवानगी घ्यावी. सरपंचांना व ग्राम आरोग्य समितीला भेटून सांगावे, मात्र त्यांची परवानगी ही मातेच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. सासूबाई किंवा पती यांनी ‘हो’ म्हणणेही पुरेसे नाही.

संमतिपत्र वाचता न येणाऱ्या मातेला ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा. ‘नाही म्हटले तरी गोळ्या, तपासणी, ॲम्ब्युलन्स यांत काहीही कमी होणार नाही’ हे वाक्य संमतिपत्रात हवेच आणि तोंडीही सांगायला हवे, कारण विचारणारी सिस्टर आणि सेवा देणारी सिस्टर एकच आहे असे मातेला वाटत असते.

दोन प्रसंगांची तयारी आधीच करावी. पहिला: एखाद्या मातेचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी निघाले तर ती त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे व तेथून योग्य रुग्णालयात गेली पाहिजे, ती कोणत्या गटात आहे याचा यात संबंध नाही. दुसरा: गरोदर मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्या सहभागाचे नियम वेगळे आहेत आणि कायद्याने माहिती कळवण्याची जबाबदारीही येते. अशा वेळी काय करायचे हे नैतिकता समितीकडून लेखी घेऊन ठेवावे. तिच्यासमोर उभे राहून ठरवण्याची ही गोष्ट नाही.

सातवी पायरी : मोजमापाची साधने

मुख्य मोजमाप गोळ्यांचे. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. रोज एक गोळी असेल तर किमान ६८ गोळ्या घेणे म्हणजे ८० टक्के. इथे एक बारकावा आहे. ज्या मातेचे हिमोग्लोबिन ७ ते १०.९ ग्रॅमच्या दरम्यान आहे तिला उपचार म्हणून रोज दोन गोळ्या दिल्या जातात, त्यामुळे तिच्यासाठी छेद १६८ होतो. सगळ्यांसाठी ८४ धरून मोजणी केली तर अर्ध्याच गोळ्या घेणारी माता शंभर टक्के नियमित दिसेल. प्रत्येक मातेला त्या-त्या तारखेला किती गोळ्या लिहून दिल्या, कधी मात्रा बदलली, हे कार्डावरून टिपावेच लागते.

सेवन मोजण्यासाठी दोन मार्ग एकत्र वापरावेत. आधी न कळवता भेट देऊन उरलेल्या गोळ्या व रिकामी पाकिटे पाहावीत. आणि ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी राहून गेली?’ असे विचारावे. राहून जाते हे गृहीत धरून विचारले की खरे सांगणे सोपे जाते. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहावेत. कोणता मुख्य मानणार हे मात्र प्रस्तावातच ठरलेले असावे.

हिमोग्लोबिन दुय्यम मोजमाप म्हणून ठेवावे आणि सर्व मातांसाठी, दोन्ही वेळी, एकाच प्रकारचे डिजिटल उपकरण वापरावे. साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, त्यामुळे पाहणाऱ्यागणिक फरक पडतो. बोटातून रक्त घेताना बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतकांतील द्रव मिसळतो आणि आकडा चुकतो. पहिला थेंब पुसून टाकावा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलच्या तपासणीची नोंदही घ्यावी. सिकलसेलचा आजार असलेल्या मातेचा रक्तक्षय बहुतांशी लोहाच्या कमतरतेचा नसतो, तेव्हा तिच्या आकड्यावरून शिक्षणाची किंवा गोळ्यांची पारख करता येत नाही.

ज्ञानाची प्रश्नावली ठेवायला हरकत नाही, पण ती दहा-बारा प्रश्नांपेक्षा मोठी नसावी. सहा किंवा अधिक तज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्नाची आशय-वैधता (जे मोजायचे त्याच्याशी तो प्रश्न जुळतो का) तपासून घ्यावी, ०.७८ पेक्षा कमी गुणांक मिळालेला प्रश्न बदलावा किंवा काढावा. तज्ज्ञांत एक अनुभवी एएनएम असावी असा माझा आग्रह आहे. त्यानंतर अभ्यासाबाहेरच्या गावातील दहा मातांना प्रश्न विचारून ‘मी काय विचारले असे तुम्हाला वाटले?’ हे विचारावे. ‘संतुलित आहार’ किंवा ‘दुष्परिणाम’ असे शब्द तिथेच गळून पडतात. चूक-बरोबर स्वरूपाच्या प्रश्नांची अंतर्गत सुसंगती (सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात का) पाहण्यासाठी केआर-२० हा गुणांक वापरावा.

आठवी पायरी : शिक्षण घडवा आणि लिहून ठेवा

तिसऱ्या पायरीवर सापडलेल्या अडचणींतून तीनच संदेश निवडावेत. उदाहरणार्थ: गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, शौचाला काळे होणे हे गोळीतील लोहामुळे आहे आणि त्यात धोका नाही, चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ही गोळी घेऊ नये, कारण त्यांनी लोह अंगी लागत नाही, उलट लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर ते चांगले शोषले जाते. बाळ मोठे होण्याची भीती तुमच्या गावात खरोखर अडसर असेल तर तिचे उत्तर पहिल्या संदेशातच यावे. ‘हा गैरसमज आहे’ असे म्हणून ती उडवून लावू नये. सिझेरियनचा खर्च आणि त्रास पाहिलेल्या घरात ही भीती विचारपूर्वक आलेली असते.

पहिली भेट घरी, वीस मिनिटांची, सासूबाई किंवा जी व्यक्ती घरात ठरवते ती हजर असताना. दुसरी भेट दोन-तीन आठवड्यांनी, कारण मळमळ किंवा बद्धकोष्ठता याच काळात गोळ्या सोडायला लावते. भेटीच्या शेवटी मातेकडून परत सांगून घ्यावे: ‘ताई, मी नीट समजावले का ते मला बघायचंय. गोळी कधी आणि कशी घ्यायची, हे तुम्ही तुमच्या जाऊबाईंना कसं सांगाल?’ परीक्षा आपल्या सांगण्याची आहे, तिच्या आठवणीची नाही, हे शब्दांतून कळले पाहिजे. जे सुटले तेवढेच पुन्हा सांगावे आणि पुन्हा विचारावे. मग तिच्यासमोरच पाकिटे कुठे ठेवायची ते तिने ठरवावे आणि तिथे ठेवून घ्यावीत.

हे सर्व इतके तपशीलवार लिहावे की दुसऱ्या जिल्ह्यातील सिस्टरला तुम्हाला न विचारता तेच करता येईल: कोणी दिले, तिला किती प्रशिक्षण मिळाले होते, काय शब्द वापरले, कोणती चित्रे दाखवली, किती वेळ लागला. प्रत्येक भेटीनंतर काय झाले आणि काय राहिले याची पाच-सहा ओळींची तपासणी-यादी भरावी. पुढे परिणाम दिसला नाही, तर शिक्षण निरुपयोगी होते की ते दिलेच गेले नव्हते, हे या यादीवरूनच कळते.

नववी पायरी : गावातले काम

शिकवणारी आणि मोजणारी व्यक्ती वेगळी असावी, आणि मोजणारीला शक्यतो कोणते गाव कोणत्या गटातले आहे हे माहीत नसावे. जिने इतके प्रेमाने समजावले तिच्यासमोर ‘गोळ्या घेतल्या नाहीत’ असे सांगणे कोणत्याही मातेला जड जाते.

वेळापत्रक गावाच्या वर्षाशी जुळवावे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. म्हणूनच आपल्या प्रश्नात नोंदणी चौदा ते अठरा आठवड्यांत आणि अंतिम मोजणी बारा आठवड्यांनी, म्हणजे तिसाव्या आठवड्याच्या आत ठेवली आहे. तरीही माहेरच्या गावाचे नाव, तिथल्या आशाताईंशी संपर्काची सोय आणि जाण्याचा अंदाजे महिना नोंदणीच्या दिवशीच विचारून ठेवावा. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ऑगस्टमध्ये नोंदवलेली माता नोव्हेंबरमध्ये कारखान्याच्या फडावर असेल. तिला ‘अनुपस्थित’ म्हणून गाळले तर ज्यांना शिक्षणाची आणि गोळ्यांची सर्वाधिक गरज आहे त्याच अभ्यासातून निसटतात. एक तर नोंदणी अशा काळात करावी की बारा आठवडे गावातच पूर्ण होतील, नाही तर फडावर जाऊन मोजण्याची तरतूद करावी.

मोबाइल क्रमांक कोणाचा आहे तेही लिहावे. पतीच्या फोनवर मातेच्या तपासणीचा निकाल कळवणे हा गोपनीयतेचा भंग आहे.

दहावी पायरी : विश्लेषण

शिक्षणाच्या गटात आधी-नंतर फरक सार्थ आला आणि तुलनेच्या गटात आला नाही, म्हणून शिक्षण प्रभावी ठरले, असा निष्कर्ष काढणे ही प्रबंधांतील फार मोठी चूक आहे. दोन गटांमधील फरक थेट तपासावा लागतो. विभागणी गावांची असल्याने विश्लेषणातही गावांचा विचार झाला पाहिजे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक गावाचे एक प्रमाण काढून चौदा विरुद्ध चौदा गावांची तुलना करणे. ज्या मातेला चिठ्ठीने जो गट मिळाला, त्याच गटात ती शेवटपर्यंत मोजावी, तिने शिक्षणाची दुसरी भेट चुकवली असली तरी. पी-मूल्याबरोबर (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) फरक आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांदरम्यान असावा ते आकडे, द्यावी. समजा फरक १५ टक्के आणि मर्यादा २ ते २८ टक्के आली, तर शिक्षणाचा उपयोग अगदी किरकोळही असू शकतो आणि भरघोसही, हे शब्दांत लिहावे.

परिणाम न दिसल्यास तेही पूर्ण लिहावे. झारखंड व ओडिशातील आदिवासी गावांत २००५ ते २००८ या काळात महिला गटांच्या सहभागी बैठकांचा अभ्यास झाला आणि तिथे नवजात मृत्युदर लक्षणीय घटला. मुंबईच्या झोपडवस्त्यांत अशाच महिला गटांचा ४८ वस्त्यांत अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात असा फायदा आढळला नाही. मुंबईच्या संशोधकांनी हा निकाल लपवला असता, तर गावात चाललेली पद्धत शहरात जशीच्या तशी चालते असे आपण आजही धरून चाललो असतो.

अकरावी पायरी : निष्कर्ष गावाकडे परत नेणे

अहवाल लिहिताना गावांच्या यादृच्छिक विभागणीच्या अभ्यासासाठी कन्सॉर्टची आणि मुलाखतींसाठी कोरेकची तपासणी-यादी समोर ठेवावी. प्रबंध ग्रंथालयात गेला की काम संपले असे समजू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत दोन पानी मराठी टिपण वाचून दाखवावे, त्यात आकडे कमी आणि ‘उद्यापासून काय बदलता येईल’ हे जास्त असावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत गावाचा निकाल सांगताना एखादी माता ओळखू येईल असे काही बोलू नये. छोट्या गावात ‘चौथी खेप असलेली’ एवढ्यावरूनही नाव कळते.

शिक्षण उपयोगी ठरले असेल, तर तुलनेच्या गावांतील मातांना ते देण्याचा शब्द संमतिपत्रात दिलेला असतो, आणि तो पाळायचा तर त्याचे दिवस व प्रवासखर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावे लागतात. तोपर्यंत नोंदवलेल्या मातांची बाळंतपणे झालेली असतील, तरी त्यांच्या बाळंतपणानंतरच्या १८० गोळ्या चालू असतात आणि गावात नव्या गरोदर माता असतात. भेटी त्या दोघींसाठी ठेवाव्यात. चित्रे, संदेशांचा मजकूर आणि भेटीची तपासणी-यादी यांचा एकेक संच प्रत्येक उपकेंद्राला द्यावा, आणि सिस्टर व आशाताई यांच्यासोबत पहिल्या दोन-तीन भेटी स्वतः कराव्यात. गोळ्यांच्या पुरवठ्यातील जे खंड अभ्यासात दिसले, त्यांची तारीखवार यादी मात्र टिपणात न मिसळता वेगळ्या पत्राने वैद्यकीय अधिकारी व तालुका आरोग्य अधिकारी यांना द्यावी आणि त्या पत्राची पोच घ्यावी.